खोका उलटा करून बघा: अभ्यासिकेतला आर्चर सी६ आणि ओपनडब्ल्यूआरटी

साताऱ्यात पोवई नाक्यापासून पाच-सात मिनिटांवर आमची अभ्यासिका आहे. जुन्या दगडी वाड्याचा वरचा मजला, अडतीस टेबलं, पहाटे सहा ते रात्री अकरा. मुलं बहुतेक एमपीएससीची, काही पोलीस भरतीची, दोघी-तिघी सीएच्या. पूर्वी मुलं दप्तरभर पुस्तकं घेऊन यायची. पुस्तकं आताही असतात, पण जोडीला कानात हेडफोन आणि समोर मोबाइलवर लेक्चर. पंखा बंद पडला तर दहा मिनिटं कुणी काही बोलत नाही. वायफाय अडकलं की तिसऱ्या मिनिटाला कुणीतरी माझ्या टेबलाशी उभं असतं. आणि त्यांचं बरोबरच आहे. महिन्याची फी भरणाऱ्या या मुलांच्या घरून ते पैसे कसे येतात हे मला माहीत आहे.

जून २०२३ पासून इथलं सगळं नेट एका राउटरवर चालतंय: टीपी-लिंकचा आर्चर सी६, व्हर्जन ३.२०, आणि त्यात कंपनीच्या फर्मवेअरच्या (म्हणजे राउटर चालवणाऱ्या आतल्या सॉफ्टवेअरच्या) जागी ओपनडब्ल्यूआरटी. हे लिनक्स या खुल्या प्रणालीवर उभं असलेलं, फुकट मिळणारं, कुठल्याही एका कंपनीच्या मालकीचं नसलेलं सॉफ्टवेअर आहे. दोन वर्षं रोज वापरल्यावर लिहितेय.

आधी आमचा त्रास सांगते, म्हणजे एवढा खटाटोप कशासाठी केला ते कळेल. लाइन फायबरची, शंभर एमबीपीएसची. स्पीड टेस्ट लावली की पंच्याण्णव दिसायचे. तरी संध्याकाळी सात वाजले की लेक्चरं अडकायची. एकाने टेस्ट सिरीजचे व्हिडिओ डाउनलोडला लावले की बाकी सगळ्यांच्या स्क्रीनवर ते गोल चक्र फिरायला लागायचं. एका संध्याकाळी मी लॅपटॉपवर पिंग लावून बसले, म्हणजे छोटा संदेश पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजत. कुणी नसताना बारा-पंधरा मिलिसेकंद. तो डाउनलोड सुरू झाला की तीनशे, चारशे. तेव्हा लक्षात आलं की वेग कमी नाही, रांग लांब आहे. एसटीच्या आरक्षणाच्या खिडकीवर एकच माणूस चाळीस तिकिटं काढत उभा राहिला तर मागच्या एका तिकिटवाल्याचं जे होतं, तेच. याला बफरब्लोट म्हणतात. डेटाची पाकिटं वाटेतल्या बफरमध्ये साचत जातात आणि छोट्या पाकिटालाही मोठ्याच्या मागे ताटकळावं लागतं.

यावर उपाय आहे आणि तो उघड उपलब्ध आहे. त्याचं नाव केक. हे रांग लावण्याचं एक तंत्र आहे, २०१८ साली लिनक्सच्या ४.१९ कर्नलमध्ये, म्हणजे त्याच्या गाभ्यात, आलं. ओपनडब्ल्यूआरटीत ते एसक्यूएम नावाच्या पॅकेजमधून वापरता येतं. आमच्या जुन्या राउटरच्या सेटिंगच्या पानावर मात्र ‘क्यूओएस’ (कुणाला आधी वाट द्यायची ते ठरवणारं) म्हणून एक बटण होतं आणि त्यात तीन यंत्रांना प्राधान्य देता यायचं. अडतीसपैकी तीन कुठली निवडू?

म्हणून ओपनडब्ल्यूआरटी चालेल असा राउटर शोधायला लागले, आणि पहिल्याच खरेदीत पैसे गेले. ती चूक सविस्तर सांगते, कारण बहुतेकांची चूक इथेच होते.

एका कंपनीचं एक मॉडेल मला ओपनडब्ल्यूआरटीच्या यादीत सापडलं. नाव जुळलं, फोटो जुळला, मागवला. खोका उघडला, राउटर उलटा केला, तर स्टिकरवर व्हर्जन वेगळं. यादीत होतं दुसरं व्हर्जन, घरी आलं चौथं. प्लास्टिकचा साचा तोच, अँटेना त्याच, आतली चिप बदललेली आणि फ्लॅश, म्हणजे फर्मवेअर साठवायची जागा, अर्धी. खोका फोडलाय म्हणून विक्रेत्याने परतही घेतला नाही. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण मॉडेलचं नाव न बदलता आतलं सामान बदलण्याची ही पद्धत जवळजवळ सगळीकडे आहे.

आणि ती जुनीही आहे. लिंक्सिसचा डब्ल्यूआरटी५४जी हा निळा-काळा राउटर २००२ च्या शेवटी आला. त्यात आत लिनक्स आहे हे लोकांच्या लक्षात आलं, लिनक्सच्या परवान्यानुसार त्याचा सोर्स कोड कंपनीला खुला करावा लागला, आणि त्या कोडच्या पायावर २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी सुरू झालं. ओपनडब्ल्यूआरटीतला ‘डब्ल्यूआरटी’ तिथूनच आलाय. पुढे त्याच राउटरच्या पाचव्या व्हर्जनमध्ये रॅम आणि फ्लॅश निम्मी झाली आणि लिनक्स जाऊन दुसरी प्रणाली आली. बाहेरून पाहणाऱ्याला काही कळायचं नाही. लिनक्स हवं असणाऱ्यांसाठी मग कंपनीने नावात ‘एल’ लावलेलं वेगळं मॉडेल काढलं, डब्ल्यूआरटी५४जीएल. वीस वर्षं झाली, तरी आजही तेच बघावं लागतं.

तर मॉडेलचं नाव हा फक्त पत्ता आहे. घर कुठलं ते व्हर्जनवरून कळतं. ओपनडब्ल्यूआरटीच्या संकेतस्थळावर हार्डवेअरचा मोठा तक्ता आहे, त्यात प्रत्येक व्हर्जनची वेगळी ओळ असते. त्या ओळीत मी तीनच गोष्टी बघते. पहिली, वायफायची चिप कुणाची. मीडियाटेक किंवा क्वालकॉम अथेरॉस असेल तर खुले ड्रायव्हर (चिप चालवणारं सॉफ्टवेअर) चांगले आहेत. ब्रॉडकॉम असेल तर मी पुढे वाचतच नाही, कारण तिथे वायफाय नीट चालण्याची आशा कमी. दुसरी, फ्लॅश आणि रॅम. ४ एमबी फ्लॅश आणि ३२ एमबी रॅमचे जुने राउटर नव्या आवृत्त्यांतून केव्हाच वगळले गेलेत. आज नवीन घेताना १६ एमबी फ्लॅश आणि १२८ एमबी रॅमच्या खाली जाऊ नये. तिसरी, फर्मवेअर चढवायची वाट. काही राउटरांवर ते कंपनीच्याच वेब पानावरून चढतं. काहींचा खोका उघडून आतल्या पिनांना सिरियल केबल जोडावी लागते. सोल्डरिंग येत असेल तर ठीक, नाहीतर तो राउटर आपला नव्हे.

या तीनही गोष्टींत बसला तो आर्चर सी६, पण व्हर्जन ३ चाच. आत मीडियाटेकचा एमटी७६२१, ८८० मेगाहर्ट्झचा दोन गाभ्यांचा प्रोसेसर, १६ एमबी फ्लॅश, १२८ एमबी रॅम, पाचही पोर्ट गिगाबिट. आणि फर्मवेअर वेब पानावरून चढतं. व्हर्जन ४ मध्ये चिपच बदलली आहे, तिथे हे काही चालत नाही.

पुन्हा ऑनलाइन मागवायची हिंमत नव्हती. पुण्याला नणंदेकडे जाणं होतं, तेव्हा तिथल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तापकीर गल्लीत गेले. पहिल्या दोन दुकानांत खोका हातात द्यायलाच तयार नव्हते. तिसऱ्या दुकानात एक वयस्कर गृहस्थ होते.

“ताई, आत सगळं सेमच असतं. नवीन व्हर्जन म्हणजे उलट चांगलं.”

“काका, मला जुनंच हवंय. फक्त मागचा स्टिकर बघू द्या, खोका फोडत नाही.”

त्यांनी माळ्यावरून पाच खोके खाली काढायला लावले. मी एकेक उलटा करून बारकोडशेजारची बारीक अक्षरं वाचत होते. तिघांवर ४.०. दोघांवर ३.२०. त्या दोघांपैकी एक घेतला, दोन हजार चारशेला. काकांनी बिलावर व्हर्जनसुद्धा लिहून दिलं. “पहिल्यांदाच कुणी मागितलं,” म्हणाले. दुसराही तेव्हाच घ्यायला हवा होता. ते पुढे येईलच.

फर्मवेअर चढवण्याबद्दल. ओपनडब्ल्यूआरटीच्या संकेतस्थळावर आपल्या राउटरच्या पानावरून डाउनलोड करताना दोन फाइली दिसतात, ‘फॅक्टरी’ आणि ‘सिसअपग्रेड’. कंपनीच्या फर्मवेअरवरून पहिल्यांदा येताना फॅक्टरी, नंतरच्या प्रत्येक अपडेटला सिसअपग्रेड. फाइल उतरवल्यावर तिचा एसएचए२५६ चा आकडा (फाइलचा जणू अंगठ्याचा ठसा) संकेतस्थळावरच्या आकड्याशी ताडून बघायचा; त्याला एक मिनिट लागतं आणि अर्धवट उतरलेल्या फाइलपासून वाचतो. राउटर आणि लॅपटॉप दोन्ही इन्व्हर्टरवर घ्यायचे. वायफायवरून नाही, केबल लावून. मी रविवारी दुपारी, अभ्यासिका बंद असताना केलं. अपलोडची पट्टी शंभरावर गेली, मग सगळे दिवे विझले, मग पॉवरचा दिवा लुकलुकायला लागला. ती दोन-तीन मिनिटं हात मांडीवर ठेवून नुसतं बसायचं. कशालाही हात लावायचा नाही.

मग ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकलं आणि ल्युसीचं पान उघडलं. ल्युसी म्हणजे ओपनडब्ल्यूआरटीचा वेबवरचा चेहरा. इथे नवे लोक घाबरतात, कारण वायफाय दिसतच नाही. ते मुद्दाम बंद ठेवलेलं असतं, पासवर्ड न घातलेलं वायफाय उघडं पडू नये म्हणून. आधी रूटचा (म्हणजे मुख्य वापरकर्त्याचा) पासवर्ड घाला, मग वायफाय सुरू करा, आणि देशाच्या रकान्यात भारत निवडा. दुसरा देश निवडून ताकद वाढवायचे सल्ले मिळतात, ते ऐकू नका. रेडिओची ताकद देशाच्या नियमात ठेवणं ही गंभीर गोष्ट आहे. २०१६ मध्ये अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने याच कारणावरून टीपी-लिंककडून दोन लाख डॉलर दंड घेतला होता. त्याच तडजोडीत, बाहेरचं खुलं फर्मवेअर चालू शकावं यासाठी कंपनीने प्रयत्न करावेत असंही ठरलं. आपल्यासारख्यांसाठी तो मोठा दिलासा होता.

नेट सुरू व्हायला मात्र दोन दिवस गेले, आणि त्यात राउटरचा दोष नव्हता. आमच्या इंटरनेटवाल्यांनी (नाव नको) कनेक्शन जुन्या राउटरच्या मॅक ॲड्रेसला, म्हणजे त्या यंत्राच्या ओळख क्रमांकाला, बांधलेलं होतं. पीपीपीओईचं (इंटरनेटवाल्याकडे लॉगिन करायच्या पद्धतीचं) नाव-पासवर्ड बरोबर असूनही जोडणी होत नव्हती. फोन केला की “कंपनीचाच राउटर लावा मॅडम” एवढंच उत्तर. शेवटी जुन्या राउटरच्या स्टिकरवरचा मॅक ॲड्रेस मी ल्युसीत वॅन पोर्टच्या (जिथे बाहेरचं इंटरनेट येतं त्याच्या) सेटिंगमध्ये जसाच्या तसा भरला आणि दहा सेकंदांत जोडणी झाली. लहान गावांत स्थानिक केबलवाल्याकडून नेट घेतलं असेल तर राउटर बदलण्याआधी जुन्याच्या स्टिकरचा फोटो काढून ठेवा.

आता मूळ काम, एसक्यूएम. पॅकेज टाकलं, इंटरफेस म्हणून पीपीपीओईचा वॅन निवडला, रांगेचं तंत्र केक, आणि वेग डाउनलोड-अपलोड दोन्ही बाजूंनी ९०. शंभरची लाइन असताना नव्वद का? कारण रांग इंटरनेटवाल्याच्या यंत्रात न लागता आपल्या राउटरमध्ये लागली पाहिजे. तिथे लागली तरच ती आपल्या ताब्यात राहते. दहा एमबीपीएस त्यासाठी सोडून द्यायचे. आणि दुसरी गोष्ट, जी मला आठवडाभराने कळली: केक प्रत्येक यंत्राला सारखा वाटा देऊ शकतो, पण त्यासाठी पुढच्या पर्यायांत ‘नॅट’ हा शब्द घालावा लागतो. तो नसेल तर बाहेरच्या बाजूने बघणाऱ्या केकला सगळी अभ्यासिका एकच माणूस दिसते. डाउनलोडच्या ओळीत ‘नॅट ड्युअल-डीएसटीहोस्ट’, अपलोडच्या ओळीत ‘नॅट ड्युअल-एसआरसीहोस्ट’. एवढ्या दोन ओळी.

त्या संध्याकाळी मी पुन्हा पिंग लावून बसले. खिडकीजवळच्या टेबलावरच्या मुलाला मुद्दाम सांगितलं, बाळा, तुझे ते सगळे व्हिडिओ आता लाव डाउनलोडला. त्याने लावले. पिंग अठरा, बावीस, एकोणीस, पंचवीस. पाऊण तास आकडे तिथेच राहिले. बाकीचे पस्तीस जण आपापली लेक्चरं बघत होते, कुणी मान वर केली नाही. त्याचाही डाउनलोड चालूच होता, फक्त त्याच्या वाट्याएवढा. मी टेबलं मोजत बसले होते, आणि मला फार बरं वाटलं.

याच चिपमध्ये हार्डवेअर फ्लो ऑफलोडिंग नावाची सोय आहे, तिने मोठा वेग प्रोसेसरवर भार न येता निघतो. पण एसक्यूएम आणि ती सोय एकत्र चालत नाहीत. शंभरच्या लाइनला केक या प्रोसेसरला सहज झेपतो. तीनशेच्या पुढची लाइन असेल आणि केकही हवा असेल तर एमटी७६२१ कमी पडेल, हे आधी समजून घ्या.

एकदा मी स्वतःच्या हाताने स्वतःला बाहेर कोंडून घेतलं. सीसीटीव्हीचा डीव्हीआर आणि हजेरीचं यंत्र मुलांच्या वायफायपासून वेगळं करायचं होतं, म्हणून व्हीलॅनची (एकाच राउटरवर वेगवेगळी नेटवर्कं करण्याची) मांडणी बदलत होते. ल्युसीत एक फार चांगली सोय आहे: बदल लागू केल्यावर नव्वद सेकंदांत तुमचा संपर्क परत आला नाही, तर राउटर आपोआप जुन्या मांडणीवर येतो. मी घाईत त्याशेजारचा ‘न तपासता लागू करा’ हा पर्याय दाबला. सगळे पोर्ट गप्प. रात्रीचे साडेदहा, सकाळी सहाला मुलं येणार.

अशा वेळी फेलसेफ असतो, म्हणजे मांडणी बिघडली तरी आत शिरायची राखीव वाट. राउटर बंद करून चालू केला, पॉवरचा दिवा भरभर लुकलुकायला लागला त्या क्षणी रीसेटचं बटण दाबलं, लुकलुक आणखी वेगात झाली. लॅपटॉपला हाताने १९२.१६८.१.२ पत्ता दिला, एसएसएचने (दुसऱ्या यंत्रावर आज्ञा टाइप करायच्या सोयीने) रूट म्हणून आत शिरले, ‘माउंट_रूट’ चालवलं आणि नेटवर्कची फाइल उघडून त्या चार चुकीच्या ओळी काढल्या. वीस मिनिटांत नेट परत. त्या दिवसापासून प्रत्येक बदलाआधी बॅकअपची फाइल उतरवून घेते. दोन वर्षांत त्या मांडणीच्या अकरा प्रती जमल्यात, तारखा घालून.

अपडेटबद्दल माझं समाधान पूर्ण आहे. २२.०३ वर सुरुवात केली, मग २३.०५, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत आलेली २४.१० सध्या आहे. सेटिंग जपली जाते, फक्त वरून टाकलेली एसक्यूएमसारखी पॅकेजं पुन्हा टाकावी लागतात. तेवढं वहीत लिहून ठेवलंय. चाळीस अनोळखी फोन ज्या यंत्रातून जातात त्याच्या सुरक्षेची काळजी कुणीतरी घेतंय, हे मला वेगाहूनही महत्त्वाचं वाटतं. २०१७ मध्ये वायफायच्या डब्ल्यूपीए२ या सुरक्षा पद्धतीत क्रॅक नावाची मोठी त्रुटी निघाली, तेव्हा या मंडळींनी दुरुस्ती त्याच महिन्यात दिली होती. अनेक जुन्या राउटरांना ती त्यांच्या कंपन्यांकडून कधीच मिळाली नाही.

उणिवाही सांगते. यूएसबी पोर्ट नाही, त्यामुळे पेनड्राइव्ह लावून जागा वाढवता येत नाही, १६ एमबीतच भागवायचं. वायफाय ५ पर्यंतच, सहा नाही. २.४ गिगाहर्ट्झवर गर्दी झाली की मर्यादा जाणवते, म्हणून जुने फोन सोडून सगळ्यांना मी ५ गिगाहर्ट्झवर घेते. आमच्या दगडी भिंतींतून ते पलीकडच्या खोलीत नीट जात नाही, पण त्यापुढे कुठलाच राउटर काही करू शकत नाही. कंपनीची वॉरंटी धरून चालू नका. आणि घरात केबल लावून पत्ता बदलणं कुणालाच जमत नसेल, तर या वाटेला जाऊ नका असंच मी सांगेन.

त्यांच्यासाठी जीएल-आयनेट या कंपनीचे राउटर आहेत. ते कारखान्यातूनच ओपनडब्ल्यूआरटीवर आधारलेलं फर्मवेअर घेऊन येतात, काही चढवावं लागत नाही. आज नवी सुरुवात केली असती तर मी त्यांचा जीएल-एमटी३००० घेतला असता: ५१२ एमबी रॅम, वायफाय ६, वॅनला अडीच गिगाबिट. महाग आहे, पण तीनशे-पाचशेच्या लाइनवर केक लावायचा असेल तर तो खर्च योग्य आहे. ओपनडब्ल्यूआरटीच्या मंडळींनी स्वतःचाही एक राउटर काढलाय, ओपनडब्ल्यूआरटी वन, २०२४ च्या नोव्हेंबरात. सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सी या संस्थेबरोबर केलेला, बनाना पाय या कंपनीने बनवलेला, १ जीबी रॅम, तेव्हा किंमत ८९ डॉलर. त्यात दोन वेगळ्या फ्लॅश आहेत आणि एक छोटा खटका. एकीतलं बिघडलं तर खटका फिरवून दुसरीवरून चालू करायचा. साडेदहाच्या त्या रात्रीनंतर मला त्या खटक्याची किंमत कळते. पण लॅनचा पोर्ट एकच, म्हणजे वेगळा स्विच घ्यावा लागेल.

या मे महिन्यात खालच्या मजल्यावर मुलींसाठी बारा टेबलं वाढवली आणि दुसरा राउटर लागला. दुकानांत विचारलं, सगळीकडे ४.०. शेवटी इथेच अभ्यास करून तलाठी झालेल्या एका मुलीचा फोन आला, “काकू, आमच्याकडे एक पडून आहे, आम्ही कंपनीचा लावला.” म्हटलं, आधी उलटा कर आणि स्टिकरचा फोटो पाठव. आला फोटो: व्हर्जन ३.२०. आता तो जिन्याखाली आहे, वरच्या राउटरला लॅन केबलने जोडलेला. डीएचसीपी (यंत्रांना पत्ते वाटायचं काम) बंद, फक्त वायफाय देतो. रांग अजून वरचाच सांभाळतो.